आठवा बोल्ट

काल संध्याकाळी गाडी परत एकत्र झाली. शनिवारी ७ तारखेला सकाळी बॉनेट उघडलं होतं आणि रविवारी २२ तारखेला बंद केलं, म्हणजे १६ दिवस, आणि काम काय तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर गोळा करून बाहेर नेणारे पाईप) गॅस्केट, म्हणजे जोडात बसणारी सीलची पट्टी, बदलणे. व्हिडिओत बघितलं तर ४० मिनिटांचं काम आहे. ज्यांचा बोल्ट आत्ता या क्षणी अडकलाय आणि हातात पाना धरून रडकुंडीला आलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी तशीच बसले होते आणि मला नेमकं काय होतंय ते सांगणारं कोणी सापडत नव्हतं.

सुरुवात अशी की थंड गाडी चालू केली की पुढून टिक टिक टिक असा आवाज यायचा, शिलाई मशीनसारखा, आणि गाडी ५-७ मिनिटं चालली की आपोआप बंद व्हायचा. मला आधी टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा भाग) वाटला. मग एकदा थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या कडेला हात नेला (लावला नाही, जवळ नेला) तर हाताला फुस फुस हवा लागली आणि टॉर्च मारून बघितलं तर गॅस्केटच्या जोडावर काजळीचा काळा फराटा. गरम झाल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते म्हणून आवाज बंद व्हायचा. वर्कशॉपमध्ये विचारलं तर त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला आणि वर म्हणाले, बोल्ट तुटले तर त्याचे वेगळे. तेव्हा मला ती पळवाट वाटली. आता नाही वाटत.

तर शनिवार ७. मॅनिफोल्डला ८ बोल्ट, एम८ साइजचे (८ मिलिमीटर जाडीचे), डोकं १२ नंबरचं. बोल्ट स्टीलचे, आणि इंजिनच्या वरच्या भागात, ज्या हेडमध्ये ते बसतात ते अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिन रात्रभर थंड होतं, बॅटरीची निगेटिव्ह काढली, वरचं पत्र्याचं कव्हर काढलं, जागा व्हावी म्हणून रेडिएटरचा फॅन काढला, ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडवला (सेन्सर तिथेच मॅनिफोल्डमध्ये राहू दिला, त्याबद्दल शेवटी). प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी फोटो. बोल्टांना मार्करने १ ते ८ नंबर दिले. आदल्या रात्री गंज सैल करायचा स्प्रे मारला होता आणि मला वाटलं मी फार तयारी केलीय.

कडेकडून मधे यायचं असं ठरवलं. पहिला बोल्ट टक् करून सुटला. दुसरा पण. इतकं सोपं गेलं की मी जरा हवेतच होते, आणि तिसरा लावला. तिसरा हलला. पण टक् झालं नाही. दांडा फिरत होता, फिरत होता, जोर मात्र कमी होत नव्हता, एकदम मऊ लागत होतं, च्युइंगम ओढल्यासारखं, आणि मला वाटलं वा, सुटतोय. एक अष्टमांश फेरा, पाव फेरा, आणि मग खट्. हातात रॅचेट, रॅचेटमध्ये सॉकेट, सॉकेटमध्ये बोल्टचं डोकं. बाकीचा बोल्ट इंजिनमध्ये.

पोटात खड्डा पडला अगदी. पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग जे करायला नको होतं ते केलं, म्हणजे रागाच्या भरात बाकीचे काढायला घेतले. ४, ५, ६, ७ सुटले, नशीब. आठवा म्हणजे खालच्या ओळीतला सगळ्यात कडेचा, वरून पाईपचा वळसा येतो त्यामुळे सरळ सॉकेट बसतच नाही, एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) लावावा लागतो. माझ्याकडे १२ कोनी सॉकेट होता. जोर दिला, सॉकेट घसरला, डोक्याचे कोपरे थोडे गोल झाले. इथे मात्र थांबले. हा त्या दिवसातला एकमेव शहाणा निर्णय.

संध्याकाळी शेजारच्या काकांना बोलावलं, त्यांची सगळी नोकरी मशीनवर गेलीय. तुटलेला तुकडा बघून म्हणाले, "अगं हा सुटत नव्हता, पिळत होता. तुला हाताला कळलं नाही?" मी म्हटलं काका, फिरत तर होता. ते म्हणाले, "डोकं फिरत होतं. आटे कुठे फिरत होते?"

हे वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर सात दिवस वाचले असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. जाम बोल्ट खरंच सुटतो तेव्हा आधी काहीच हलत नाही, मग एकदम टक् किंवा कर्र असा आवाज आणि लगेच जोर कमी लागतो. ज्या क्षणी आट्यांमधला गंज फुटतो त्या क्षणी हाताला झटका कळतो. पिळतो तेव्हा उलटं, आवाज नाही, झटका नाही, दांडा फिरत राहतो आणि जोर तेवढाच लागत राहतो. म्हणजे खाली आटे घट्ट धरलेत आणि वरून तुम्ही बोल्टची मान मुरगळताय. मऊ लागलं की थांबायचं. सोडवायच्या दिशेला आणखी एक मिलिमीटरसुद्धा नाही. तिथे थांबलात तर बोल्ट अजून एक तुकडा आहे, उलटा परत थोडा कसून, स्प्रे मारून, उद्या बघता येतं.

आणि हे मऊ लागणं फार लवकर येतं कारण आपल्याला आपण किती जोर लावतोय ते कळत नाही. हा बोल्ट बसवताना २५ न्यूटन मीटर टॉर्कला (फिरवायच्या जोराचं माप) कसतात. अर्धा मीटर लांब दांडा घेतला आणि टोकाला साधारण १० किलो ओढल्याइतका जोर दिला की ५० न्यूटन मीटर झाले, दुप्पट. १० किलो म्हणजे काहीच नाही, पिशवी उचलतो आपण. लोक म्हणतात ना पाईप लाव, पाईप लाव, चाकाच्या नटला लावा हो खुशाल, एम८ ला पाईप म्हणजे तोडायचं मशीन.

रविवारी ८ तारखेला काहीच केलं नाही, मूड नव्हता. गॅस्केट आणि ८ नवीन बोल्ट ऑर्डर केले, मॉडेल आणि वर्ष टाकून.

सोमवार ते शुक्रवार, ९ ते १३, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि रात्री आल्यावर असं दोन वेळा स्प्रे. ऑफिसला मैत्रिणीच्या गाडीत मागच्या सीटवर. स्प्रे डोक्यावर उडवून उपयोग नाही, पहिल्या वेळी मी तेच केलं होतं, तो आट्यांपर्यंत पोचायला पाहिजे, म्हणून डोकं आणि फ्लँज (मॅनिफोल्डची कड, जिच्यातून बोल्ट जातात) यांच्या फटीत बारीक नळीने, अगदी थोडा. आणि प्रत्येक वेळी स्प्रेनंतर बोल्टच्या डोक्यावर पितळी सळई टेकवून हातोडीने १५-२० टोले, जोरात नाही, दारावर टकटक केल्यासारखे. लोखंड गंजतं तेव्हा गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त जागा लागते आणि आट्यांमध्ये ती जागा नसते म्हणून तो दाबून बसतो, टोल्यांनी त्याला बारीक भेगा पडतात आणि तेल आत झिरपतं. आठ दिवस नुसतं भिजवून जे होणार नाही ते टोले आणि तेल मिळून होतं असं काकांचं म्हणणं, आणि मला आता पटलंय.

कुठला स्प्रे यावर लोक भांडतात. घरोघरी असतो तो डब्ल्यूडी-४०, १९५३ सालचा, त्याच्या नावातच आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, ४० वा प्रयत्न, म्हणजे तो मुळात पाणी हटवायला बनवला. जाम बोल्टसाठी वेगळे पेनिट्रेटिंग ऑइल मिळतात, तीच कंपनी पण वेगळा विकते. काही लोक ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून घरी करतात, पण अ‍ॅसिटोन भडकन पेटतं आणि रंग, प्लास्टिक खातं, इंजिनच्या वायरींजवळ मी नाही वापरलं. मी पेनिट्रेटिंगवाला आणला. त्याच खेपेला ६ कोनी सॉकेट आणला, कारण १२ कोनी सॉकेट कोपऱ्यांना धरतो आणि ६ कोनी सपाट बाजूंना, आणि कोपरे तर मी आधीच खाऊन बसले होते.

गुरुवारी १२ तारखेला गॅस्केट आलं. चुकीचं. भोकं जुळेनात. माझ्याच मॉडेलच्या, माझ्याच वर्षाच्या गाडीत दोन वेगळी इंजिनं येत होती हे मला माहीतच नव्हतं. परत करायला फॉर्म भरा, पाकिटाचा फोटो, पार्ट नंबरचा फोटो, कारण निवडा (कारणांच्या यादीत "माझी चूक" असा पर्याय नव्हता, मी "इतर" निवडलं), मग त्यांचा फोन, मग चासी नंबर पाठवा. चासी नंबर म्हणजे १७ अक्षरं-आकड्यांचा असतो तो, आरसीवर पण असतो. तो पहिल्यांदाच टाकला असता तर बरोबर पार्ट नंबर निघाला असता. बरोबर गॅस्केट बुधवारी १८ ला आलं. पार्ट मागवताना चासी नंबर द्याच, मॉडेल-वर्षावर जाऊ नका.

शनिवार १४. आठव्या बोल्टचा दिवस. भाऊ सुट्टीला आला होता, त्याला टॉर्च धरायला उभा केला. तो पहिल्या दोन मिनिटांत म्हणाला, "ताई, मी करू का, जोर पाहिजे." त्याला म्हटलं जोर लावूनच तिसरा गेलाय, तू टॉर्च धर.

आधी वायर ब्रशने डोकं साफ केलं, अगदी चकचकीत, कारण गंजाच्या थरावर सॉकेट नीट खाली बसत नाही आणि वरच्या वर घसरतो. ६ कोनी सॉकेट हातोडीने हलके ठोकून पूर्ण खाली बसवला. युनिव्हर्सल जॉइंट काढून टाकला, त्याऐवजी वरचा पाईपचा क्लॅम्प सोडवून पाईप जरा बाजूला केला, २० मिनिटं गेली त्यात पण सरळ एक्स्टेन्शन बसलं. जॉइंट असला की जोर तिरका जातो आणि हाताला काही कळत नाही, आणि मला तर हाताला कळणंच हवं होतं.

मग हॉट एअर गनने बोल्टच्या आजूबाजूचं हेड गरम केलं, बोल्ट नाही. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. त्याआधी सगळा स्प्रे कापडाने कोरडा पुसला, बाजूच्या वायरींवर ओलं फडकं, आणि आग विझवायचा सिलेंडर हाताशी. एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा, ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग गरम करू नका, त्यातले काही क्लोरीनवाले असतात आणि ते गरम धातूवर गेले की विषारी वायू तयार होतो. गॅस टॉर्चची ज्योत मी वापरलीच नाही. पेट्रोलची लाईन हातभर अंतरावर होती.

आणि मग पहिला जोर कसायच्या दिशेला. हो, कसायच्या. भाऊ म्हणाला उलटं फिरवतेयस. मुद्दाम. अगदी थोडा, केसभर, कारण आपल्याला फक्त गंज फोडायचाय आणि तो कुठल्याही बाजूने फुटला तरी चालतो. काही नाही. परत सोडवायच्या दिशेला, हळूहळू जोर वाढवत, झटका न देता. काही नाही. परत कसायला. असं चार-पाच वेळा. सहाव्यांदा सोडवायला जोर देताना दांडा हलला आणि माझ्या अंगावर काटा आला कारण मऊ लागलं. थांबले. सोडून दिलं. दहा मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले.

परत आले, स्प्रे, २० टोले, पुसणं, हॉट एअर, कसायला, सोडवायला, आणि टक्.

इतका छोटा आवाज. भावाला ऐकू पण आला नाही. पण दांड्यातून हाताला झटका आला आणि लगेच हलका झाला, अगदी काकांनी सांगितलं तसा. आता ओढून काढायचा मोह होतो, तो आवरा. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, स्प्रे. अर्धा बाहेर, पाव आत. मधे कुरकुर वाढली की आत न्यायचा, कारण गंजाचा चुरा आट्यांमध्ये अडकून परत जाम करतो. टक् पासून बोल्ट हातात येईपर्यंत ४० मिनिटं लागली. मी त्याला टेबलावर ठेवून फोटो काढला आणि काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "तिसऱ्याचं काय?"

तिसऱ्याचं असं की मॅनिफोल्ड निघाल्यावर बघितलं तर तो फ्लँजच्या जाडीच्या आत तुटला होता, म्हणजे हेडमधून साधारण ६-७ मिलिमीटर खुंट बाहेर दिसत होता. हे नशीब. डोकं गेल्यामुळे त्याच्यावरचा ताण पण गेला होता, आता फक्त गंजाची पकड. बोल्ट कसताना आपण जो जोर लावतो त्यातला ९०% च्या आसपास नुसत्या घर्षणात जातो, त्यातला बराचसा डोक्याखाली, म्हणून डोकं गेलं की अर्धी लढाई जिंकल्यासारखं असतं असं वाचलं होतं. मग ग्रिप प्लायर लावला, त्याने खुंट कुरतडला. कानशीने दोन बाजू सपाट करून छोटा पाना लावला, तो घसरला. रविवार १५ पूर्ण यातच गेला आणि खुंट ६ चा ४ मिलिमीटर झाला.

इथे सगळे सांगतात इझी आउट लाव, म्हणजे बोल्टला मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकायचा. मी हातात घेऊन परत ठेवला. एक्स्ट्रॅक्टर खूप कडक आणि ठिसूळ स्टीलचा असतो, तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. जो बोल्ट पूर्ण डोकं असताना सुटला नाही तो त्याच्यापेक्षा बारीक सळईने सुटेल हे मला पटेना. शेवटचा उपाय म्हणून पूर्ण बोल्ट ड्रिल करून, भोक मोठं करून, स्प्रिंगसारखे नवीन आटे बसवता येतात, पण त्याला भोक अगदी मधोमध आणि सरळ पडायला हवं आणि माझा हात तेवढा सरळ नाही. हे मान्य करायला लाज वाटली नाही.

आठवडाभर परत स्प्रे आणि टोले. शनिवारी २१ ला ओळखीचा वेल्डर आला, त्याला वेळ तेव्हाच होता. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, गाडीच्या कंप्युटरचा कनेक्टर काढला, वेल्डिंगची अर्थिंगची वायर हेडवरच अगदी जवळ लावली. खुंटावर एक नट ठेवला, खुंटापेक्षा जरा मोठ्या भोकाचा, आणि नटच्या आतून वेल्ड भरला. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा वेल्ड चिकटत नाही त्यामुळे हेडला काही झालं नाही. पहिला नट फिरवल्यावर निखळला. दुसरा नट, जास्त वेळ भरला. मी लगेच पाना लावायला गेले तर तो म्हणाला थांबा, लाल असताना मऊ असतो, परत तुटेल. लाली गेल्यावर मुळाशी मेणबत्तीचा तुकडा टेकवला, मेण वितळून आत ओढलं गेलं, दिसत होतं ते. पाच मिनिटं थांबून त्याने नटला पाना लावून मला म्हटलं, तुम्ही करा.

कसायला थोडं. सोडवायला. टक्.

वेल्डरला यायला-जायला धरून एक तास. त्यातलं वेल्डिंग दोन मिनिटांचं. मी त्यासाठी दोन आठवडे थांबले आणि एक रविवार खुंट कुरतडण्यात घालवला, ज्याने खुंट छोटा होऊन त्याचंच काम अवघड केलं. खुंट शिल्लक असेल तर सरळ वेल्डरला बोलवा.

बाकीचं पटापट सांगते. रविवार २२ ला एका जुन्या चांगल्या बोल्टला हॅक्सॉने उभी खाच पाडली आणि तो हाताने सगळ्या भोकांमधून फिरवला, खाचेत घाण जमा होते आणि आटे कापले जात नाहीत, टॅप (आटे पाडायचं अवजार) मारला तर चुकून अ‍ॅल्युमिनियम कापलं जायची भीती. मॅनिफोल्डचा तोंडाचा भाग सरळ पट्टी लावून बघितला, वाकडा नव्हता. नवीन गॅस्केट, नवीन ८ बोल्ट, आट्यांना अँटी-सीझ (परत जाम होऊ नये म्हणून लावायचं वंगण) अगदी पातळ. हे लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे मॅन्युअलचा आकडा कोरड्यासाठी आहे का ते बघा, माझ्यात कोरड्यासाठी होता म्हणून मी २५ ऐवजी २० ला थांबले. मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत. टॉर्क रेंच फक्त कसायला, सोडवायला वापरू नका, त्याचं माप बिघडतं.

खर्चाचं विचाराल तर गॅस्केट आणि बोल्ट सगळ्यात स्वस्त. सॉकेट, हॉट एअर गन, स्प्रेचे दोन डबे, वेल्डर, सगळं धरून वर्कशॉपच्या अंदाजाच्या साधारण पाऊणपट झाला. अवजारं उरली हा फायदा, १६ दिवस गाडी नव्हती हा तोटा. पैसे वाचवायला म्हणून करणार असाल तर परत विचार करा.

संध्याकाळी सहाला चालू केली. पहिली पाच मिनिटं धूर आला, सांडलेला स्प्रे आणि मेण जळत होतं, घाबरू नका. आवाज नाही. आज सकाळी थंड चालू केली, तरी नाही. आठवडाभराने थंड असताना बोल्ट परत एकदा तपासायचेत.

तो ऑक्सिजन सेन्सर. तो पण जुना झालाय, बदलायचाय. आज सकाळी सहज २२ नंबरचा पाना लावून बघितला, कसायच्या दिशेला केसभर. हलला नाही. रात्री पहिला स्प्रे मारलाय.